मुक्या जीवाचा वियोग आणि श्रद्धावंताचा सब्र



काही वर्षांपूर्वी मशिदीत मुलांचा दीनी वर्ग घेत असताना दहा वर्षांची एक विद्यार्थिनी सलग दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती डोळे सुजलेल्या अवस्थेत. घरातील मांजर अनेक महिन्यांच्या आजारानंतर मरण पावले होते. मी तिला म्हणालो, "बेटी, मांजरच तर होते. त्यासाठी इतके रडायचे नसते. अल्लाहची मर्जी समजावी." ती गप्प बसली. मला वाटले, आपण तिला सब्र शिकविला.

त्याच रात्री दुसऱ्या दिवसाच्या पाठासाठी हदीस वाचत असताना एक हकीकत समोर आली आणि माझी मान खाली गेली. दुपारी मी त्या मुलीला जे सांगितले होते, ती दीनची शिकवण नव्हती. ती माझी घाई होती, आणि त्या घाईला मी अल्लाहच्या मर्जीचे नाव दिले होते. आपणही आपल्या घरात, शेजारात कोणाला तरी असे बोलला असाल, किंवा कोणीतरी आपल्याला असे ऐकविले असेल. म्हणून आज या विषयावर आपल्याशी बोलावेसे वाटते.

ती हकीकत अशी. मदीनेत ह. उम्मे सुलैम (रजि.) यांच्या घरी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वरचेवर जाणे-येणे असे. त्यांचा लहान मुलगा अबू उमैर याने चिमणीसारखा एक छोटा पक्षी पाळला होता. अरबीत त्याला नुगैर म्हणत. एके दिवशी प्रेषित (स.) आले, तेव्हा मुलगा उदास बसला होता. त्याचा पक्षी मेला होता. प्रेषितांनी (स.) त्याला प्रेमाने 'अबू उमैर' अशी हाक मारून विचारले की नुगैरचे काय झाले? अरबीत ही दोन्ही नावे यमकात जुळतात, आणि मुलाच्या कानाला ती गोड लागावीत अशाच रीतीने ती उच्चारली गेली. या मुलाचे थोरले बंधू ह. अनस (रजि.) यांनी ही हदीस सांगितली असून ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

विचार करा, ज्यांच्यावर संपूर्ण मानवजातीला मार्गदर्शन करण्याची जबाबदारी होती, त्यांना एका मुलाच्या मेलेल्या पक्ष्याची विचारपूस करण्यास सवड होती. "पक्षीच तर होता" असे ते म्हणाले नाहीत. मुलाचे दुःख किती मोठे असावे, याचे मोजमाप त्यांनी केले नाही. गेलेल्या पक्ष्याचे नाव घेऊन त्यांनी त्याला बोलते केले. सांत्वनाची सुन्नत ही आहे.

आता मांजराविषयी पाहू. ह. अबू कतादा (रजि.) वुजू करीत असताना एक मांजर आले. त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले. त्यांची सून कब्शा आश्चर्याने पाहू लागली. तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषितांनी (स.) मांजराला अपवित्र मानलेले नाही, ते तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. 'वावरणारे' या शब्दाकडे लक्ष द्या. जे घरात फिरते, पायात घोटाळते, फजरच्या वेळी दाराशी येऊन बसते, त्याला शरीअतने घरातील जीवांमध्ये धरले आहे. मग ते नाहीसे झाल्यावर घर रिकामे वाटणे हा ईमानाचा दुबळेपणा कसा ठरेल?

हिजरी सन ७ मध्ये मदीनेत आलेल्या आणि ५३७४ हदीसींचे निवेदक मानल्या जाणाऱ्या ह. अबू हुरैरा (रजि.) यांना संपूर्ण इस्लामी जग 'मांजरीच्या पिल्लावाले' या टोपणनावानेच ओळखते. बकऱ्या चारताना ते एक लहान पिल्लू सोबत ठेवीत व त्याच्याशी खेळत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. याउलट, एका स्त्रीने मांजराला कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही आणि बाहेर जाऊन भक्ष्य शोधण्यासाठी सोडलेही नाही, म्हणून ती नरकाग्नीची धनी झाली, अशी सहीह हदीस आहे. मात्र येथे एक सावधगिरी बाळगावी. बाहीवर झोपलेल्या मांजराची झोप मोडू नये म्हणून प्रेषितांनी (स.) अंगरख्याची बाही कापली, ही कथा फार प्रसिद्ध आहे, परंतु हदीसच्या विश्वसनीय संग्रहांत ती आढळत नाही. प्रेषितांची (स.) दया सिद्ध करण्यासाठी आपल्याला निराधार कथेची गरज नाही.

दीर्घ आजाराने मांजर गमावलेल्यांच्या मनात दुःखाबरोबर आणखी एक काटा असतो. तो म्हणजे अपराधाची भावना. त्या मुलीच्या मांजराला मूत्रपिंडाचा जुनाट विकार होता. वयस्क मांजरांमध्ये हा आजार पुष्कळ आढळतो. मांजर वारंवार पाणी पिऊ लागते, लघवीचे प्रमाण वाढते, वजन उतरते, भूक मंदावते, उलट्या होतात. मूत्रपिंडाची सुमारे दोन तृतीयांश शक्ती संपेपर्यंत बहुधा बाहेर काहीच दिसत नाही, आणि मांजर आपले दुखणे लपविणारा प्राणी आहे. गमावलेली ती शक्ती परत येत नाही. त्वचेखाली सलाईन देणे, योग्य आहार, मळमळीवर औषध, यांनी दिवस सुसह्य होतात. आजार जात नाही. तेव्हा "मला आधी का कळले नाही?" हा प्रश्न स्वतःला रोज विचारणाऱ्या भावा-बहिणींनो, जे कळण्याजोगे नव्हते त्याचा जाब अल्लाह मागत नाही. तो कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकत नाही. संकट आल्यावर 'जर मी असे केले असते तर' या शब्दात गुंतून पडू नये, कारण हा 'जर' सैतानाच्या कामाला दार उघडून देतो, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली आहे.

खरोखरच हयगय झाली असेल, तर तिला मार्ग तौबाचा आहे. कित्येक घरांत माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी प्रेमापोटी मांजराला दिली जाते, आणि तीच त्याच्या जिवावर बेतते, कारण मांजराचे शरीर ते औषध पचवू शकत नाही. अजाणतेपणी असे घडले असल्यास अल्लाहकडे क्षमा मागावी, आणि आपल्याला जे कळले ते चार घरांना सांगावे. पश्चात्ताप असा दुसऱ्या जीवाच्या उपयोगी पडला, तर तोही सदका होतो.

आणि आपण केलेल्या सेवेचे काय? एका तहानलेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून मोजा दातांत धरून वर आला व त्याने कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याची कदर केली व त्याला क्षमा केली. सहाबांनी (रजि.) विचारले की जनावरांबाबतही आम्हाला पुण्य मिळते काय? उत्तर मिळाले की प्रत्येक सजीवाच्या बाबतीत पुण्य आहे. तेथे एक वेळचे पाणी होते. आपण महिनोन्महिने औषध भरविले, रात्री उठून उलटी पुसली, अन्न सुंगून तोंड फिरविणाऱ्या जीवापुढे पुन्हा पुन्हा वाटी ठेवली. ते मांजर आपले आभार मानू शकत नव्हते, लोकांत आपली वाहवा होणार नव्हती. ज्या सेवेचा साक्षीदार केवळ अल्लाह असतो, ती वाया कशी जाईल?

काहींना शेवटी आणखी कठीण प्रश्नाला सामोरे जावे लागते. आशा संपली, वेदना थांबत नाही, आणि डॉक्टर इंजेक्शन देऊन जीव सोडविण्याचा सल्ला देतात. याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. काहींनी असह्य वेदनेत त्याला परवानगी दिली आहे, तर काहींनी जीव घेण्यापेक्षा सेवा करीत राहण्यास प्राधान्य दिले आहे. म्हणून एकट्याने निर्णय घेऊ नये. जाणकार पशुवैद्य आणि विश्वासू आलिम या दोघांनाही विचारावे. एक तत्त्व मात्र निर्विवाद आहे. अल्लाहने प्रत्येक बाबतीत 'एहसान', म्हणजे उत्तम व दयापूर्ण वर्तन, आवश्यक ठरविले आहे. इतके की जबह करतानाही सुरी धारदार असावी व जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, अशी आज्ञा आहे. आलिमांना विचारून, दयेच्या हेतूने जो निर्णय घेतला, त्याचे ओझे नंतर जन्मभर वाहू नये.

आता अश्रूंविषयी. हिजरी सन १० मध्ये प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम त्यांच्या डोळ्यांदेखत गेले, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. सहाबांना आश्चर्य वाटले. त्यांनी सांगितले की ही दया आहे. डोळे वाहतात, हृदय दुःखी होते, तरी जिभेवर मात्र पालनकर्त्याला आवडेल तेच येते. मुलाचे दुःख आणि मांजराचे दुःख एका तराजूत घालण्याचा येथे हेतू नाही. परंतु अश्रूंचा नियम एकच आहे. डोळ्यांना मोकळीक आहे, जिभेला लगाम आहे. आक्रोश, छाती पिटणे, अल्लाहविरुद्ध तक्रारीचे शब्द, यांना मनाई आहे. अल्लाहपुढे मन मोकळे करण्यास मनाई नाही. ह. याकूब (अ.) यांनीही आपले दुःख अल्लाहपाशीच मांडले होते. म्हणून 'इन्ना लिल्लाह' म्हणावे आणि सजद्यात रडावे. पण दुःखापायी नमाज सुटू देऊ नये. ज्या दाराशी सांत्वन मिळायचे, ते दार आपणच लावून घेऊ नये.

मांजराला पुरावे की नाही, असेही विचारले जाते. जनाजाची नमाज, फातिहा, तीजा हे विधी जनावरासाठी नाहीत. ते करू नयेत. मात्र कचऱ्यात टाकण्यापेक्षा स्वच्छ कापडात गुंडाळून मातीत पुरणे चांगले, त्यात कोणताही दोष नाही. आदम (अ.) यांच्या मुलाला भावाचे प्रेत कसे झाकावे हे उमगेना, तेव्हा अल्लाहने जमीन उकरणारा एक कावळा पाठवून त्याला दाखवून दिले (सूरह माइदा, ५:३१). दफन करणे मनुष्य एका मुक्या जीवाकडून शिकला. मग एखाद्या मुक्या जीवासाठी आपण हातभर खड्डा खणला, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

"ते पुन्हा भेटेल का?" हा प्रश्न मुले हमखास विचारतात. सूरह अनआममध्ये (६:३८) सांगितले आहे की जमिनीवर चालणारे प्राणी व पंखांनी उडणारे पक्षी हेदेखील तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि त्यांना आपल्या पालनकर्त्याकडे एकत्र केले जाईल. हदीसीनुसार त्या दिवशी शिंगे नसलेल्या बकरीलाही शिंगे असलेल्या बकरीकडून न्याय मिळेल. त्यानंतर जनावरे माती होतील, असे कथन ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आले आहे. दुसरीकडे जन्नतमध्ये मनाला जे हवे असेल ते लाभेल, असे अल्लाहचे वचन आहे (सूरह जुख्रुफ, ४३:७१). म्हणून मुलाला खोटे आश्वासन देऊ नये आणि त्याची आशाही तोडू नये. त्याला सांगावे, "ज्याने तुझ्या मनात ही माया घातली, तो रहमान आहे. आपण जन्नतची तयारी करू या. तेथे काय द्यायचे ते त्याच्यावर सोपवू या."

शेवटी पुन्हा अबू उमैरच्या घरी जाऊ. त्याच घरात पुढे एका लहान मुलाचा मृत्यू झाला. वडील ह. अबू तलहा (रजि.) बाहेर होते. ह. उम्मे सुलैम (रजि.) यांनी त्यांना जेवू घातले आणि मग विचारले की कोणी आपली वस्तू वापरायला दिली व ती परत मागितली, तर नकार देता येईल का? ते म्हणाले, नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की मग आपल्या मुलाबाबतही असेच समजा. या घराने पक्ष्याचे दुःख हसण्यावारी नेले नव्हते, आणि मुलाच्या दुःखात ते कोसळलेही नाही. माया करावी जीव ओतून, आणि तरीही ठेव दुसऱ्याची आहे हे विसरू नये, हाच सब्र होय.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्या मुलीला थांबविले, कालच्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि तिच्या मांजराचे नाव विचारले. ती बराच वेळ सांगत राहिली. निघताना तिने विचारले, "त्याची वाटी आता काय करू?" मी म्हणालो, "पाणी भरून दाराबाहेर ठेव." उन्हाळ्याचे दिवस होते.

आपल्याही घरात अशी एखादी रिकामी वाटी असेल, तर ती भरून बाहेर ठेवा.

अल्लाह आपल्याला मुक्या जीवांच्या बाबतीत दयाळू आणि वियोगाच्या प्रसंगी सब्र करणारे बनवो. आमीन.