तळात उरलेली काळी वाळू



या महिन्यात आंग मो किओच्या रविवारच्या वाचनात आपण अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातले पंसुधोवक सुत्त घेतले होते. ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी, आणि जे आले होते पण चहाच्या वेळच्या गप्पांत ज्यांचे सुत्तच मागे पडले त्यांच्यासाठीही, ते येथे पुन्हा मांडतो.

पंसु म्हणजे धूळ, माती. भिक्खूंचे पंसुकूल चीवर आपल्याला माहीत आहे. उकिरड्यावर, धुळीत टाकून दिलेल्या चिंध्या वेचून शिवलेले ते चीवर. त्यातलाच हा पंसु. पंसुधोवक म्हणजे माती धुणारा, धुऊन तिच्यातून सोने काढणारा. भगवान बुद्ध सांगतात की हा मनुष्य किंवा त्याच्या हाताखालचा शिकाऊ पोरगा सोन्याची माती डोणीत ओततो आणि पुन्हा पुन्हा धुतो. आधी मोठा मळ जातो : माती, खडे, खापऱ्या. मग मधला मळ : बारीक खडे आणि जाड वाळू. शेवटी सूक्ष्म मळ : बारीक वाळू आणि काळी धूळ. त्यानंतर उरतात ते सोन्याचे कण, आणि मग काम सोनाराकडे जाते.

या कामाचे शब्द अजून आपल्या घरात आहेत. मूळ पालीत डोणीला दोणि म्हटले आहे, मुशीला मूसा आणि सोनाराच्या सांडशीला सण्डास. शेवटचा शब्द ऐकून आपल्याकडची मुले पोट धरून हसली, आणि त्यांना हसू देण्यात काही बिघडले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराची हत्यारे त्यांना त्यामुळे पक्की लक्षात राहिली.

हे काम आपल्या मुलुखात कोण करत आले? मुंबईच्या झवेरी बाजारात पहाटे गल्ल्या झाडून, गटारातला गाळ उपसून तो धुणारे लोक ज्यांनी पाहिले असतील त्यांना सांगायला नको. जुन्या मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात. सोनाराच्या दुकानातला केर, राख, पायाखालची माती हेच त्यांचे शेत. विदर्भात सोनझारी आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटापासून जुन्या चांदा जिल्ह्यापर्यंत नद्यांची वाळू धुऊन सोने काढणारी ही छोटी जमात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली जो ग्रंथ काढला त्यात तिची नोंद आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे आजोळ भंडारा-गोंदियाकडे आहे. घरच्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा. लाकडी डोणी घेऊन पात्रात दिवसभर वाकून उभे राहायचे आणि संध्याकाळी हाती आलेले कण सराफाला विकायचे. सोने त्यांच्या हातातून गेले, गळ्यात दुसऱ्याच्या पडले. ज्यांच्या श्रमाला समाजाने धुळीएवढीच किंमत दिली त्यांचे कसब भगवंतांनी चित्तशुद्धीची सर्वोच्च साधना समजावण्यासाठी निवडले. राजाच्या खजिन्याची उपमा सहज देता आली असती. मला हे फार मोलाचे वाटते.

आता तळातल्या काळ्या वाळूकडे येतो.

आपल्या वाचनाला येणारा एक तरुण अभियंता गेल्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात भावाकडे गेला होता. तिथे मायनर्स राइट नावाचा परवाना काढला की कोणालाही ठरवून दिलेल्या जागी साध्या हातसाधनांनी सोने शोधता येते. खाणकामगारांच्या १८५४ च्या युरेका उठावानंतर, १८५५ साली आलेला हा हक्क आहे. तोही कोणी दयेने दिलेला नव्हे. आपल्या या मित्राने पेटी घरीच बनवली : फळ्यांचा उघडा पन्हळ, त्यात आडव्या पट्ट्या, खाली दारातले रेघांचे रबरी पायपुसणे. चाळणीसाठी भोके पाडलेली प्लास्टिकची बादली. वाहत्या पाण्यात पन्हळ किंचित उतरता ठेवायचा आणि वरून वाळू सोडायची. हलके ते वाहून जाते, जड ते पट्ट्यांमागे बसते. दोन दिवस कंबर मोडून त्याला मोहरीहूनही लहान असे सात-आठ कण मिळाले. ते बाटलीत पाण्यात ठेवून त्याने सर्वांना दाखवले.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र त्या कणांपेक्षा जास्त कामाची निघाली. दगडगोटे काढायला वेळ लागत नाही, बादलीतच अडकतात. पांढरी वाळूही पन्हळातून भराभर जाते. सगळा वेळ खाते ती शेवटी ताटलीत उरणारी चिमूटभर काळी वाळू. कारण ती जड असते. सोने पाण्याच्या १९ पटींहून जड. साधी गारेची वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. पण काळी वाळू, जिच्यात लोहचुंबकी खनिज असते, ती पाच पटींच्या आसपास. म्हणून साधी वाळू गेली तरी ती सोन्याला चिकटून तळाशी बसते. कंटाळून एका झटक्यात ती फेकायला गेलात तर तिच्याबरोबर बारीक सोनेही जाते. तिथे पाणी थोडे, हात सावकाश, आणि डोळा सतत ताटलीवर लागतो. सुत्तातल्या सूक्ष्म मळात नेमकी काळी धूळ सांगितली आहे, पालीत काळजल्लिका. मला तरी वाटते की ती हीच असावी.

भगवान मग भिक्खूच्या चित्ताबद्दल बोलतात. मोठा मळ म्हणजे कायेने, वाचेने, मनाने केलेले दुराचार. मधला मळ म्हणजे कामवितर्क, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार. यांवर आपण पंचशीलाच्या निमित्ताने पुष्कळदा बोललो आहोत, आज पुढे जातो. सूक्ष्म मळ तीन : ज्ञातिवितर्क, जनपदवितर्क आणि अनवञ्ञत्तीचा वितर्क. पहिल्याचा अर्थ कोणी नातलगांचे विचार असा करतात, कोणी जातीचे विचार असा. मराठीत ज्ञाती म्हटले की दोन्ही एकदम कानावर येतात, आणि आपल्यासाठी दोन्ही खरे आहेत. दुसरा म्हणजे आपल्या मुलुखाचे विचार. तिसऱ्यात आपला अवज्ञा हा शब्द दडलेला आहे : कोणी माझी अवज्ञा करू नये, मला कमी लेखू नये, हा सततचा विचार.

आता मनाशी प्रामाणिकपणे पाहा. सिंगापुरात आपल्यापैकी कितीजणांच्या मनात दिवसभर हेच तीन फिरत असतात? एखाद्या मराठी स्नेहमेळाव्यात कोणी हसतमुखाने आडनाव विचारते, मग गाव, मग "म्हणजे मूळचे कुठले?" पोटात जे हलते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाहुणे येणार म्हणून बैठकीच्या खोलीतली बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेणारी घरे आहेत, आणि पाहुणे येणार म्हणून ती मुद्दाम मध्यभागी आणणारीही आहेत. दोन्हीकडे मन पाहुण्याच्या डोळ्यांत अडकलेले. आपसांतही तेच चालते. हे नागपूरकडचे, ते मराठवाड्याकडचे. कोणाचा पीआर झाला, कोण एचडीबीत, कोण कॉन्डोत. आणि लग्नाच्या बायोडाटात बौद्ध लिहून झाल्यावर फोनवर हळूच विचारली जाणारी पोटजात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंनी एका दिवसात जो धोंडा फेकला, त्याची बारीक पूड अजून आपल्या ताटलीत आहे.

इथे रविवारी एका ताईंनी जो प्रश्न केला तो मला टाळायचा नाही. त्या म्हणाल्या, "आमची अवज्ञा होऊ नये म्हणूनच तर बाबासाहेब आयुष्यभर लढले. स्वाभिमानाला तुम्ही मळ कसे म्हणता?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग सुत्तातल्या क्रमाचा. सूक्ष्म मळ शेवटी येतो. जो माणूस स्वतः अजून दुसऱ्यावर धोंडे टाकतो आहे, वाचेने, व्यवहाराने, घर भाड्याने देताना, तो जेव्हा आपल्याला "आता जात विसरा" असे सांगतो, तेव्हा तो धुण्याचा क्रमच उलटा करतो. कार्यालयात कोणी जातीवरून बोलले तर तो त्याचा मोठा मळ. त्याची रीतसर तक्रार करा, गप्प बसू नका. आपण ध्यानाला बसलो म्हणून त्याचा दगड वाळू होत नाही.

दुसरा भाग काळ्या वाळूचा. ती सोन्याच्या शेजारी बसते, कारण ती जड आहे. हे तीनही वितर्क असेच एखाद्या चांगल्या गोष्टीला चिकटलेले असतात. नातलगांच्या काळजीला करुणा चिकटलेली, मुलुखाच्या ओढीला गावातल्या विहारासाठी पाठवलेले पैसे चिकटलेले, आणि अवज्ञेच्या भीतीला स्वाभिमान. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागोमाग जे हजारो लोक उतरले, त्यांनी पाण्याला हात लावला. ते कृत्य होते, सर्वांच्या हक्कासाठी होते. ते सोने. पण तीन वर्षांपूर्वी कोणी जेवणाच्या टेबलावर काय म्हणाले ते रात्री दोन वाजता अंथरुणात घोळवणे, त्याला मनातल्या मनात शंभर उत्तरे देणे, याने कोणाचा हक्क वाढला? ती काळी वाळू. दोन्ही एकाच ताटलीत असतात म्हणून घाई करायची नाही. मला वैराग्य आले असे सांगून चळवळ सोडणारे, आईवडिलांचा फोन न उचलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी वाळूबरोबर सोनेही फेकले.

घाईवरून आणखी एक. नदीतले सोने भराभर गोळा करण्याचा एक मार्ग आहे, पारा. पारा सोन्याच्या बारीक कणांना धरून ठेवतो, मग तापवून तो उडवून द्यायचा. जगभर लहान प्रमाणावर सोने काढणारे असंख्य गरीब लोक हेच करतात. वाफ त्यांच्या फुप्फुसात जाते, उरलेला पारा नदीत आणि माशांत. पाऱ्याला आळा घालण्यासाठी मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, त्यात या धंद्याचा स्वतंत्र विचार करावा लागला. साधनेतही पारा विकणारे असतात. एका शनिवार-रविवारात सर्व क्लेश नष्ट, शुल्क अमुक इतके. अशा जाहिराती आपल्या गटात पुढे पाठवू नयेत अशी विनंती.

मग करायचे काय? ध्यानाला बसल्यावर विचार आला की त्याच्याशी भांडू नका, फक्त ओळखा : हा नात्याचा, हा मुलुखाचा, हा अवज्ञेचा. एवढे थोडे पाणी पुरते. आंग मो किओ स्टेशनवरून सकाळच्या गर्दीत उभे राहून जातानाही हे करता येते. ऑफिसच्या इमेलमध्ये आपले नाव शेवटी का घातले, हा विचार कोणत्या ढिगातला हे ओळखायला न्यूटन येईपर्यंत भरपूर वेळ असतो.

हे सूक्ष्म मळ गेल्यावरही धम्माचे वितर्क उरतात असे सुत्त सांगते, आणि तिथून पुढे सोनाराची पाळी. तो मुशीला कधी फुंकर घालतो, कधी पाणी शिंपडतो, कधी नुसता पाहत राहतो. नुसते फुंकत राहिला तर सोने जळेल, नुसते पाणी शिंपडले तर निवेल, नुसते पाहिले तर ते पुरते शुद्ध होणार नाही. फुंकर म्हणजे प्रयत्न, पाणी म्हणजे समाधी, पाहणे म्हणजे उपेक्षा, जिला उगाच कोणी दुर्लक्ष समजू नये. आपल्यातले बहुतेक फुंकणारे आहेत, परदेशात आलेली माणसे तशी असतातच. म्हणून यापुढे रविवारच्या बैठकीची शेवटची दहा मिनिटे कोणतीही सूचना न देता नुसते पाहण्यासाठी ठेवली आहेत.

पुढच्या वेळी सोनाराचा भाग सविस्तर वाचू. आपला अभियंता मित्र ती पेटी घेऊन येणार आहे. बिशान–आंग मो किओ उद्यानातल्या कलांग नदीत ती लावून पाहायचा मुलांचा हट्ट आहे. सिमेंटचा कालवा काढून २०१२ मध्ये मोठ्या कष्टाने पुन्हा नदी केलेले ते पात्र ढवळायचे नाही, हे पालकांनी त्यांना आधीच सांगावे. टबात वाळू आणि पाणी घेऊन दाखवू. वाळूत थोडा लोखंडाचा कीस मिसळू, म्हणजे काळे किती चिवट असते ते त्यांच्याच हाताला कळेल. येताना जुने टॉवेल आणावेत.