यशाच्या टक्केवारीचा छेद

एखाद्या देशात वंध्यत्वावरील उपचार कितपत यशस्वी ठरत आहेत, या प्रश्नाचे उत्तर एका टक्केवारीत देता येते अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि रस्त्यालगतच्या जाहिरात फलकांपासून वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांपर्यंत सर्वत्र ती टक्केवारी ठळक अक्षरांत वाचायला मिळते. टक्केवारी हा मात्र मुळात अपूर्णांक असतो. त्याच्या अंशस्थानी काय मोजले आणि छेदस्थानी कोणाला धरले हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. भारतात ही उपचार केंद्रे महानगरांतून जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचली आहेत, परंतु त्यांच्या फलिताचा विश्वसनीय राष्ट्रीय हिशेब अद्याप सामान्य माणसाच्या हाती आलेला नाही, आणि या उणिवेची किंमत उपचार घेणारी जोडपी, त्यांतही विशेषकरून स्त्रिया, आपल्या शरीराने आणि आयुष्यभराच्या बचतीने मोजत आहेत.

हा हिशेब कोठे निसटतो हे समजण्यासाठी उपचाराचे टप्पे पाहावे लागतात. आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेरील फलन, या पद्धतीत स्त्रीला सुमारे दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एरवी महिन्याला एक पक्व होणारी स्त्रीबीजे एकाच वेळी अनेक पक्व केली जातात, ती सुईने बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवला जातो, आणि तयार झालेला भ्रूण तीन ते पाच दिवसांनी गर्भाशयात सोडला जातो किंवा पुढील वापरासाठी गोठवून ठेवला जातो. या संपूर्ण क्रमाला आवर्तन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर काही स्त्रिया गळतात. समजा, १०० स्त्रियांनी उपचार सुरू केले. त्यांपैकी १० जणींच्या बीजकोशांनी औषधांना पुरेसा प्रतिसाद दिला नाही, आणखी २० जणींच्या बाबतीत रोपणयोग्य भ्रूणच तयार झाला नाही, आणि उरलेल्या ७० जणींचे भ्रूणरोपण झाले. त्यांतील ३५ जणींची रक्तचाचणी गर्भधारणा दाखवणारी निघाली, ३० जणींच्या सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले, आणि गर्भपात वगैरे वजा जाता २४ जणींना जिवंत मूल झाले. या एकाच उदाहरणातून दोन टक्केवाऱ्या निघतात: रोपण झालेल्यांमागे रक्तचाचणी मोजली तर ५० टक्के, आणि उपचार सुरू करणाऱ्यांमागे जिवंत जन्म मोजला तर २४ टक्के. दोन्ही आकडे गणिताने अचूक आहेत. पण दवाखान्याची पायरी चढणाऱ्या जोडप्याच्या मनातला प्रश्न फक्त दुसऱ्याच आकड्याने सुटतो.

यात आणखी एक गुंता आहे. एकदा काढलेल्या बीजांपासून अनेक भ्रूण तयार होऊन गोठवले गेले असतील, तर पहिले रोपण फसल्यावरही स्त्रीला पुन्हा इंजेक्शने न घेता दुसरी-तिसरी संधी मिळते. म्हणून एका बीजसंकलनातून मिळालेले सर्व भ्रूण वापरून झाल्यावर मूल होण्याची एकूण शक्यता, म्हणजेच संचयी जिवंत-जन्म दर, हे या उपचाराचे सर्वांत प्रामाणिक माप मानावे लागते.

मापाइतकेच महत्त्व वयाला आहे, कारण स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वयाबरोबर घटते आणि प्रयोगशाळेतील कोणतेही कौशल्य ही घट भरून काढू शकत नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्यान्वये स्थापन झालेले मानवी फलन व भ्रूणविज्ञान प्राधिकरण १९९१ पासून प्रत्येक परवानाधारक केंद्रातील प्रत्येक आवर्तनाची नोंद सक्तीने घेत आहे. त्याच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार ३५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये रोपण केलेल्या प्रत्येक भ्रूणामागे जन्माचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होते, तर त्रेचाळिशीपलीकडे, स्वतःची बीजे वापरल्यास, ते ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली होते. वयाचा उल्लेख नसलेली सरासरी पंचविशीतल्या आणि बेचाळिशीतल्या स्त्रीला एकच आशा दाखवते, आणि तिच्यात दात्या स्त्रीची तरुण बीजे वापरून झालेले जन्मही मिसळलेले असतील, तर ती आशा निव्वळ खोटी ठरते.

राष्ट्रीय नोंदीचे खरे सामर्थ्य मात्र जुळ्या-तिळ्यांच्या प्रश्नात दिसून आले. एकाच वेळी दोन-तीन भ्रूण सोडले की गर्भ राहण्याची शक्यता थोडी वाढते, पण त्याचबरोबर अकाली प्रसूती, बाळाचे कमी वजन, नवजात अतिदक्षता विभागातील मुक्काम आणि मातेचा उच्च रक्तदाब हे धोकेही वाढतात. आणि यशाच्या टक्केवारीत मात्र जुळ्यांची अकाली प्रसूतीही यश म्हणूनच नोंदली जाते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात या उपचारांतून होणाऱ्या जन्मांपैकी एकाहून अधिक बाळांच्या जन्मांचे प्रमाण २८ टक्क्यांपर्यंत गेले होते. नोंदींमुळे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिले, प्राधिकरणाने मर्यादा घालून दिली, आणि २०१९ पर्यंत ते ६ टक्क्यांवर आले. बेल्जियमने २००३ मध्ये वेगळी वाट धरली: सरकार सहा आवर्तनांच्या प्रयोगशाळेचा खर्च उचलेल, पण तरुण स्त्रीच्या पहिल्या प्रयत्नात एकच भ्रूण सोडावा लागेल. एकाधिक जन्म तेथेही झपाट्याने घटले. दुसरी संधी आपल्या आवाक्यात आहे हे ठाऊक असलेले जोडपे पहिल्याच प्रयत्नात सर्व काही पणाला लावत नाही, आणि डॉक्टरवरही तसा दबाव राहत नाही, ही या यशामागची साधी मानवी बाजू आहे.

भारतात परिस्थिती नेमकी उलट आहे. एका आवर्तनाचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो, बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात, आणि दागिने मोडून किंवा कर्ज काढून आलेले जोडपे पुन्हा येऊ शकेल याची शाश्वती नसते. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये हे उपचार मोफत देण्यास प्रारंभ केला, ही घटना म्हणूनच मोलाची आहे. जेथे खर्चाचा बोजा रुग्णावर पडत नाही तेथे वैद्यकीय निर्णय केवळ वैद्यकीय निकषांवर घेणे शक्य होते. लोकसंख्या धोरणाने मात्र दीर्घकाळ जन्म कमी कसे होतील एवढेच मोजले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशाचा एकूण जननदर २.०, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा १.३ इतका खाली आला आहे. पण या आकड्यांच्या आड मूल हवे असूनही ते न झालेली जोडपी किती आहेत, त्यांतील किती जणींच्या गर्भनलिका क्षयरोगासारख्या वेळीच बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराने बंद झाल्या, आणि किती ठिकाणी दोष पुरुषबीजात असताना औषधोपचार व बोलणी दोन्ही स्त्रीनेच सोसली, याची नोंद कोणत्याही धोरणाला आवश्यक वाटली नाही.

नोंद आणि पडताळणी यांच्या अभावी काय घडते, याचा भारताला आरंभापासून अनुभव आहे. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले, आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एका मुलीचा जन्म झाला. त्यांनी भ्रूण गोठवून नंतरच्या चक्रात त्याचे रोपण केले होते, जी पद्धत आज जगभर रूढ आहे. परंतु राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या शास्त्रीय दस्तऐवजांनिशी सिद्ध झालेल्या प्रयत्नातून झालेला जन्म देशातील पहिला मानला गेला. पुढे मुखोपाध्याय यांची टिपणे स्वतः तपासून आनंद कुमार यांनी १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला. भारतीय विज्ञानातील ही दुर्मीळ उदारता आहे, परंतु ती एका व्यक्तीच्या सचोटीतून आली. संस्थेने करावयाचे काम एकोणीस वर्षांनी एका शास्त्रज्ञाला करावे लागले.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ वर्षांची मर्यादा घातली, बीजदात्री स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदानाची मुभा दिली, आणि उपचारातील यशाची शक्यता व धोके जोडप्याला समजावून सांगणे केंद्रांवर बंधनकारक केले. राष्ट्रीय नोंदवहीची तरतूदही त्यात आहे. पण ज्या नोंदवहीतून केंद्रनिहाय आणि वयनिहाय जिवंत जन्मांचे प्रमाण नागरिकाला वाचता येत नाही, ती प्रशासनाच्या उपयोगाची असली तरी रुग्णाच्या उपयोगाची नाही. आणि राष्ट्रीय प्रमाणच उपलब्ध नसेल, तर डॉक्टरने सांगितलेली शक्यता रुग्णाने कशाशी ताडून पाहावी?

आकडे प्रसिद्ध केल्यास केंद्रे चाळिशीच्या स्त्रियांना किंवा वारंवार अपयश आलेल्यांना परत पाठवू लागतील, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. त्यावरचा उपाय आकडे लपवणे हा नसून ते वयोगटानुसार, स्वतःची बीजे व दात्रीची बीजे वेगळी दाखवून, आणि उपचार सुरू केलेल्या प्रत्येक स्त्रीला छेदात धरून देणे हा आहे. अशी व्यवस्था एकदा उभी राहिली म्हणजे कायमची टिकते असेही नाही: अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने केंद्रांचे यशाचे आकडे प्रसिद्ध करण्याचे काम रोग नियंत्रण केंद्राकडे सोपवले होते, आणि एप्रिल २०२५ मधील नोकरकपातीत ते सांभाळणाऱ्या तज्ज्ञांच्या गटालाच कामावरून कमी करण्यात आले.

भारतातील २०२१ च्या कायद्याखालील राष्ट्रीय मंडळाने केंद्रांच्या यशाचे आकडे दरवर्षी, मराठीसह सर्व भारतीय भाषांत, प्रसिद्ध करावेत. तोवर उपचाराच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक जोडप्याने डॉक्टरला एकच प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर लेखी मागावे: गेल्या वर्षी आमच्या वयाच्या ज्या स्त्रियांनी येथे उपचार सुरू केले, त्यांच्यापैकी किती जणी मूल घेऊन घरी गेल्या?