आकाशाकडे पाहण्याची सुन्नत



हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) लहान असताना एका रात्री आपली मावशी, उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी मुक्कामास होते. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) त्या रात्री तेथेच होते. पुढचा प्रसंग हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनीच कथन केला असून तो सहीह बुखारीत आला आहे. रात्रीच्या उत्तरार्धात प्रेषित (स.) उठून बसले, त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि सूरह आलिइम्रानच्या अखेरच्या आयतींचे पठण केले. त्यानंतर वुजू, आणि मग नमाज.

नमाजमध्ये नजर आकाशाकडे उचलण्यास प्रेषितांनी (स.) सक्त मनाई केली आहे. तीच नजर नमाजपूर्वी आकाशाकडे गेली, कारण त्या आयतींचा आरंभच आकाशांच्या व पृथ्वीच्या निर्मितीने आणि रात्र-दिवसाच्या येण्याजाण्याने होतो. उभे, बसलेले, पहुडलेले असताना अल्लाहचे स्मरण करणारे आणि या निर्मितीवर चिंतन करणारे लोक त्यांत वर्णिले आहेत. आम्ही मात्र उठतो ते दिवा लावून, आणि त्या आयती छताखाली म्हणतो. पठण होते, पाहणे राहून जाते.

रमजानच्या अखेरच्या दहा रात्रींत चंद्र दररोज अधिकाधिक उशिरा उगवतो. सत्ताविसाव्या रात्री तर पहाटेच. म्हणजे लैलतुल कद्रचा शोध ज्या रात्रींत घ्यायचा, त्याच महिन्यातील काळोख्या रात्री होत. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, कोकणातील आमच्या गावी, अशाच रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. मशिदीवरील रोषणाई विझली. (खरे सांगायचे तर माझ्या तोंडून प्रथम तक्रारच निघाली.) उकाड्याने आम्ही अंगणात आलो. आग्नेयेकडे वृश्चिक रास दिसत होती, तिच्या डावीकडे आकाशगंगेचा फिकट पट्टा माडांच्या शेंड्यांमागून वर चढत होता. एका मुलाने विचारले, “चाचा, हे ढग आहेत का?” तो बारा वर्षांचा होता, त्याच गावात वाढलेला. आमच्या हाफिजसाहेबांनी उत्तराऐवजी त्याच आयती म्हणावयास प्रारंभ केला.

पुढील वर्षी रोषणाई मध्यरात्रीनंतर मालवावी असा प्रस्ताव जमातीपुढे आला. मुबारक रात्रीचा मान दिव्यांनी राखला जातो, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या भावनेचा आदर राखून बारापर्यंत दिवे ठेवण्याचे ठरले. नंतर ते मालवतात, आणि तहज्जुदपूर्वी अंगणात चटया अंथरल्या जातात.