कडू ते पुण्यवान, गोड ते पापी

हल्ली कुणाच्या घरी गेलं, की चहाबरोबर बशीत काय येतं यावरून त्या घराची नैतिक पातळी ओळखता येते. पूर्वी बशीत चिवडा आणि बेसनाचा लाडू यायचा. तो खाऊन आपण 'छान झालाय हं' म्हटलं, की यजमान आणि पाहुणा दोघंही मोकळे. आता बशीत डार्क चॉकलेटचा एक चौकोनी तुकडा येतो. तो पुढे करताना यजमान 'घ्या' म्हणत नाहीत. '८५ टक्के आहे' असं म्हणतात.

आमच्या पिढीला टक्के म्हटलं की मॅट्रिकचा निकालच आठवतो. ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास आणि ८५ म्हणजे थेट पेपरात फोटो! त्यामुळे तो तुकडा तोंडात टाकण्यापूर्वी मनातल्या मनात त्याचं अभिनंदन करावंसं वाटतं. मग तो जिभेवर ठेवावा. लगेच विरघळत नाही. बोर्डात आलेली मुलं अशी सहजासहजी चारचौघांत मिसळत नाहीतच. हळूहळू जिभेला काय ते कळतं, आणि आपल्या चेहऱ्यावर ते उमटायच्या आत यजमानीणबाई समजूत घालतात, "थोडं कडू आहे, पण चांगलं असतं."

माझं घोडं अडतं ते या 'पण'पाशी. 'मुलगा जरा तिरसट आहे, पण चांगला आहे,' असं सांगून लग्नं जमवायची आपली जुनी रीत. तीच आता खाण्याला लागू झाली आहे. कडू ते गुणाचं, हे आपल्या जिभेला लहानपणीच शिकवलेलं असतं. पाडव्याला कडुनिंबाचा पाला, तापात काढा, आणि पोट साफ राहावं म्हणून एरंडेल. ज्यानं तोंड वाकडं होतं ते अंगी लागतं आणि ज्यानं तोंडाला पाणी सुटतं ते कुठे ना कुठे बाधतं, असा एकूण हिशोब. त्यामुळे मिल्क चॉकलेट खाणारा माणूस आज जिन्याखाली चोरून विडी ओढणाऱ्यासारखा दिसतो, आणि डार्क चॉकलेट खाणारा नुकताच गीतेचा अध्याय संपवून उठल्यासारखा.

आता प्रश्न असा, की हे पुण्य त्या तुकड्यात खरोखरच असतं का?

म्हटलं, लग्नात बघतात तशा या दोन्ही स्थळांच्या पत्रिका एकदा बघून टाकू. आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत, १०० ग्रॅम चॉकलेटचे. ७० ते ८५ टक्क्यांच्या डार्क चॉकलेटमध्ये साखर साधारण २४ ग्रॅम, मिल्कमध्ये ५१. लोह डार्कमध्ये १२ मिलिग्रॅमच्या आसपास, मिल्कमध्ये जेमतेम अडीच. मॅग्नेशियम २२८ मिलिग्रॅम विरुद्ध ६३. चोथा ११ ग्रॅम विरुद्ध साडेतीन. इथपर्यंत कडू स्थळ पहिल्या नंबरात पास. पण पुढची ओळ वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. कॅलरी! हा तपस्वी ६०० च्या घरात आणि तो लाडावलेला ५३५. याचं कारण साधं आहे. साखर कमी केली म्हणून जागा रिकामी राहत नाही. तिथे कोकोचं लोणी येऊन बसतं. स्निग्धांश डार्कमध्ये ४३ ग्रॅम, मिल्कमध्ये ३०. दुधाच्या कृपेनं कॅल्शियम मिल्कमध्ये १८९ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ७३. प्रथिनं दोघांत जवळपास सारखीच, पावणेआठ ग्रॅम.

बरं, १०० ग्रॅम चॉकलेट एका बैठकीत खातो कोण? (खाणारे असतात, पण ते असले लेख वाचत बसत नाहीत.) सभ्य माणसाचा तुकडा १० ग्रॅमचा. तेवढ्यात या दोघांमधला साखरेचा फरक पावणेतीन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त. लोहाचा फरक एक मिलिग्रॅम. एवढ्याशा भांडवलावर हा सगळा सात्त्विकपणा उभा आहे! लोहच हवं असेल तर आपले तीळ काय वाईट? १०० ग्रॅम तिळात लोह साडेचौदा मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३५० आणि कॅल्शियम ९७५. संक्रांतीचे तीळ गोड गोड बोलत दोघांनाही चीत करतात, आणि वर टक्केवारी सांगत नाहीत. मिल्क चॉकलेटवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. 'त्यात दूध असतंच की' म्हणून मुलाला ते द्यायचं, तर एका पेलाभर दुधाएवढ्या कॅल्शियमसाठी त्याला सव्वाशे ग्रॅम चॉकलेट चारावं लागेल. त्याबरोबर साखर जाईल १३ चमचे.

यावर डार्क पक्षाचे वकील हुकमाचं पान काढतात: फ्लॅव्हनॉल. कोकोच्या बीत ही द्रव्यं असतात आणि रक्तवाहिन्या सैल व्हायला त्यांची मदत होते, हे खरं आहे. पण बी आंबवताना, भाजताना आणि कडूपणा मारण्यासाठी अल्कली लावताना त्यातली बरीचशी उडून जातात. वेष्टनावरचे ८५ टक्के हे कोकोच्या बीतून आलेल्या एकूण ऐवजाचे, लोण्यासकट, फ्लॅव्हनॉलचे नव्हेत. अमेरिकेत 'कॉसमॉस' नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ मध्ये आले. २१ हजारांवर वयस्क मंडळी त्यात होती. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल असलेला कोकोचा अर्क गोळ्यांतून दिला. हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी दिसले. पण झटके, पक्षाघात वगैरे सगळं मिळून जो मुख्य हिशोब होता, त्यात खात्रीनं सांगावा असा फरक पडला नाही. आणि या होत्या गोळ्या, चॉकलेट नव्हे. त्याच वर्षी 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'नं २८ डार्क चॉकलेटं तपासली, तर २३ मध्ये शिसं किंवा कॅडमियम इतकं निघालं, की रोज एक औंस खाणंही बरं नव्हे. म्हणजे पुण्य करायला गेलो आणि शिसं घेऊन आलो!

पण खरं सांगू? पाप-पुण्याचा हा घोळ चॉकलेटच्या मागे पहिल्यापासून लागलेला आहे. १६३६ साली माद्रिदमध्ये आंतोनियो दे लेओन पिनेलो नावाच्या विद्वानानं यावर अख्खा ग्रंथ लिहिला. विषय: चॉकलेटनं धार्मिक उपास मोडतो का? तेव्हा चॉकलेट हे प्यायचं पेय होतं. पुढे १६६२ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निर्वाळा दिला, की पातळ पदार्थानं उपास मोडत नाही. भाविकांनी सुटकेचा निःश्वास आणि चॉकलेटचा घोट एकदमच घेतला असणार.

त्यांना आपण हसायचं कारण नाही. ज्या कसावाच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, म्हणजे चॉकलेटच्याच गावची. तरी आपल्या उपासाच्या ताटात ती कशी मानानं बसली आहेत! आमचे कार्डिनल म्हणजे आमच्या आज्या. त्यांनी ग्रंथबिंथ लिहिले नाहीत, नुसतं 'चालतं' म्हटलं. तेवढ्यावर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' सुरू झालं. आज आजीच्या जागी आहारतज्ज्ञ आला आहे, पोथीच्या जागी वेष्टनामागचा तक्ता. प्रश्न मात्र तोच, 'चालतं का?' 'आवडतं का?' हे कुणी विचारतच नाही.

हे सगळं हसण्यावारी सोडून दिलं असतं. पण माझी एक आत्या आहे, वय ८७. तिला मधुमेह नाही. रक्तदाब आहे, पण तोही तिच्या धाकात असतो. तिला मिल्क चॉकलेट आवडतं. तिच्या लहानपणी ते घरात येत नसे. पुढे येऊ लागलं तेव्हा मुलांना वाटण्यात संपून जाई. हिच्या वाट्याला चांदीचा कागद, तो सपाट करून पोथीत ठेवायला. नातवंडंही मोठी झाली आणि आता कुठे तिची पाळी आली, तर नातसुनेनं तिचं चॉकलेट बदलून टाकलं. "आजी, हे ९० टक्के. तुमच्यासाठी हेच चांगलं." आत्यानं तुकडा तोंडात धरला, मुकाट्यानं गिळला आणि म्हणाली, "अगं, ८७ वर्षं चांगलंच खात आले. आता थोडं आवडीचं खाऊ दे की!"

नातसुनेची माया खोटी नव्हती. आत्याला मधुमेह असता तर मीही तिच्याच बाजूनं मान डोलावली असती. पण इथे सवाल होता फार तर चमचाभर साखरेचा, आणि तो वाचवण्यासाठी एका म्हातारीचं हातातोंडाशी आलेलं सुख काढून घेतलं गेलं. तेही तिच्या भल्याच्या नावाखाली. त्या दिवसापासून माझं एक मत झालं आहे. आपल्या तोंडात काय गेलं, हा नुसता हिशोबाचा प्रश्न. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्याच्या तोंडचं काय काढून घेतलं, तिथे.

आणि हा दुसरा प्रश्न चॉकलेटमध्ये आहे बरं का! फक्त तक्त्यात त्याचा रकाना नसतो. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठाच्या 'नॉर्क' या संस्थेचा २०२० चा अहवाल सांगतो, की २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या मळ्यांवर बालमजुरी करत होती. धारदार हत्यारं चालवायची, जड ओझी वाहायची. डार्क चॉकलेटमध्ये कोको जास्त, तेव्हा पापाचा हिशोब मांडायचाच झाला तर त्या पुण्यवान तुकड्याच्या नावावर तो जास्तच निघेल. आपण मात्र आरशासमोर उभं राहून कंबरेकडे बघतो आणि 'आज फार पाप झालं' म्हणतो! कंबर वाढली तर शिंप्याकडे जावं. पाप हा शब्द जरा जपून वापरावा.

तेव्हा मंडळी, पोषणासाठी भाकरी आहे, डाळ आहे, पालेभाजी आहे, तीळ आहेत. त्यांनी आजवर आपल्याला दगा दिलेला नाही. चॉकलेट आवडतं म्हणून खावं. कडू आवडत असेल तर कडू, गोड आवडत असेल तर गोड. शक्य असेल तर ते कुणाच्या हातांनी पिकवलं याची चौकशी करून घ्यावं. थोडं खावं आणि मुख्य म्हणजे वाटून खावं. वाटून खाल्लं, की आपल्या वाट्याच्या कॅलरी आपोआप निम्म्या होतात. या सबंध विषयात गणितानं सिद्ध होणारं पुण्य मला एवढं एकच सापडलं आहे.