जुवाखाली न येणारा बैल

शास्त्रभाग : ईयोब ३९:९-१२



ईयोबाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्याच्या मालमत्तेची मोजदाद आहे. तीत बैलांच्या पाचशे जोड्या आहेत. त्याच्यावर पहिला घाव पडतो तोही बैलांवरच. ते नांगर ओढीत असता शत्रू घाला घालून त्यांस घेऊन जातात. पुढे पुष्कळ अध्यायांनंतर देव वावटळीतून बोलू लागतो आणि बैलाचाच विषय काढतो. पण हा बैल रानातला. तो गोठ्यात राहणार नाही, तास धरणार नाही, खळ्यावर धान्य आणून देणार नाही, हे देव प्रश्नांवर प्रश्न विचारून ईयोबाकडून जणू वदवून घेतो. ज्याचे कामाचे बैल गेले त्याला बिनकामाच्या बैलाची गोष्ट सांगणे, हे वरवर पाहता जखमेवर मीठ चोळणेच नव्हे काय?

१६११ च्या इंग्रजी भाषांतरात येथे एकशिंगी प्राणी आला आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांचा हा घोटाळा दूर करावा. मूळ शब्दाने बहुधा एक अजस्र रानबैल सुचविला आहे, असे पंडित मानतात. त्या जातीतील शेवटचा प्राणी १६२७ साली पोलंडात मेला. आपला गवा हा त्याच कुळातला.

गेल्या हिवाळ्यात निपाणीहून आमच्या मंडळीची एक दिवसाची सहल मुदाळ तिट्ट्यावरून दाजीपुरास गेली ती हा गवा पाहण्यासाठीच. राधानगरीचे हे अभयारण्य १९५८ पासूनचे, महाराष्ट्रातील सर्वांत जुने. आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानातही गवे आहेत. ते अभयारण्य मात्र २०११ चे. सावराईच्या सड्यावर पुष्कळ वेळ थांबल्यावर झाडीच्या कडेला एक नर दिसला. काळेभोर अंग, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि परत चरू लागला. आमच्यातील एक वडीलधारे शेतकरी हळूच म्हणाले, “असली एक जोडी असती तर ट्रॅक्टर कशाला लागला असता!” सगळे हसले. पण शेतकऱ्याचा डोळा असाच असतो, आणि ईयोबाचाही तसाच असावा. बैल दिसला की जू आठवते.

पाहण्याचे दुसरेही प्रकार आहेत. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरुड भागात एक गवा वाट चुकून आला. लोकांची गर्दी, पाठलाग, बेशुद्धीचे इंजेक्शन, आणि त्याच दिवशी तो मेला. त्या गर्दीतील बहुतेकांना त्याचे वाईट करावयाचे नव्हते. त्यांना फक्त पाहावयाचे होते.

परतताना वाटेवरच्या एका खेड्यात आमच्या एका सभासदाच्या पाहुण्यांकडे चहा झाला. त्यांचा ऊस गव्यांनी तुडविला होता. ते म्हणाले, “काय हो मास्तर, तुम्ही पैसे भरून गवा बघता, आम्ही त्याला हाकलायला रात्रभर जागतो. देव त्याचे कौतुक करतो म्हणता, मग माझ्या उसाचे काय?”

प्रश्न रास्त होता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सत्तेची आज्ञा काढून कोणी उत्तर देईल, तर कोणी गव्याची बाजू घेऊन शेतकऱ्यालाच दटावील. ईयोबाच्या पुस्तकात दोन्ही नाहीत. गेलेल्या बैलांविषयी दुःख केले म्हणून देव ईयोबाला रागावत नाही. शेवटच्या अध्यायात तर हजार जोड्या पदरात घालतो. नांगराच्या बैलाची किंमत देवाला ठाऊक आहे.

परंतु रानबैलाची गोष्ट तो आधी सांगतो, गोठा रिकामा असतानाच. त्या वेळी ईयोब कोठे होता ते आठवा. राखेत बसला होता, खापरीने अंग खाजवीत होता. शेत नाही, लेकरे नाहीत, न्यायसभेत मान नाही. तो स्वतःच कोणाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. आणि देव त्याला सांगतो की, ज्याच्याकडून कोणालाही काही मिळत नाही असा एक बैल माझ्या रानात आहे आणि त्याला मी विसरलो नाही. हे ऐकणाऱ्याला त्यात आपली जागा सापडावयाला हवी. आमच्या निपाणीत आयुष्यभर विड्या वळून बोटे आखडलेल्या वृद्ध भगिनी आहेत. “आता माझा काय उपयोग?” असे त्या म्हणतात, तेव्हा मी त्यांच्यापुढे हाच अध्याय उघडतो.

पाहुण्यांना मात्र एवढे वाचून दाखवून उठणे शक्य नव्हते. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो. त्यांनी कंटाळून अर्जच केला नव्हता. आमच्या तरुण संघातील दोघांनी तेथेच ओसरीवर बसून कागद लिहून काढला, आणि तोवर गाडी थांबवून ठेवली.