तिजूकाच्या उतारावरची सहा माणसं

रिओ दि जानेरोच्या कोर्कोवादो शिखराभोवती आज जे घनदाट रान दिसतं, ते पाहून कुणालाही वाटेल की हे मुळापासूनच असं असणार. दोनशे वर्षांपूर्वी त्यातल्या पुष्कळ उतारांवर कॉफीचे मळे होते आणि मळे थकल्यावर उरली होती नुसती उघडी, ओघळींनी चिरलेली जमीन.

त्या प्रांतात कॉफीच्या ओळी उताराला आडव्या लावत नसत. सरळ डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत लावत. खाली उभ्या असलेल्या मुकादमाला प्रत्येक ओळीत राबणारा गुलाम दिसावा म्हणून. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल की अशा ओळीतून पाऊस माती घेऊनच खाली उतरणार. माणसांवर पहारा ठेवायची ही सोय जमिनीच्या मुळावर आली. कारिओका नदी आणि डोंगरातले झरे यांवर रिओची तहान भागत होती. तेच रोडावले. १८४०च्या दशकात पाण्याचे इतके हाल झाले की सरकारने मळे ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १८६१ साली ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो याच्या सरकारने तिजूकाच्या या डोंगरांवर पुन्हा जंगल लावण्याचा आदेश काढला आणि काम मेजर मान्युएल गोमिस आर्चर यांच्याकडे सोपवलं.

आर्चरच्या हाताखाली सुरुवातीला सहा गुलाम होते. एलेउतेरिओ, कॉन्स्टान्टिनो, मान्युएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. पुढे मजुरीवरची माणसंही आली. तेरा वर्षांत सुमारे एक लाख झाडं लागली. उतारावर खड्डा खणताना पाय ठरत नाही, खणलेली माती घरंगळते, खालच्या बाजूने दगड रचून ती धरावी लागते. लाख झाडं म्हणजे असे लाख खड्डे. ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८ साली संपली. तोवर पहिल्या रोपांनी पंचविशी ओलांडली होती.

सगळं रान काही लावलेलं नाही. बराचसा डोंगर उरल्यासुरल्या जंगलातून आपसूक भरून आला. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की माणसांनी नांगर, कुऱ्हाड मागे घेतली. जंगल पाणी निर्माण करत नाही. उलट वाढतं झाड स्वतःच पुष्कळ पाणी पितं. पण पालापाचोळ्याखालची भुसभुशीत माती पावसाला थोपवते, मुरवते आणि कोरड्या महिन्यांत झऱ्याला थोडंथोडं देत राहते. देवराईच्या पोटातला बारमाही झरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिजूकात आज एक झाड मात्र डोईजड झालंय, आणि ते आपलं आहे: फणस. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून नेलेला हा कोकणी अंगणाचा सोयरा तिथे इतका माजला, की स्थानिक रोपांना तो वाढू देत नाही. नुसती हिरवळ दिसली म्हणजे जंगल परत आलं असं होत नाही. बिया पेरत हिंडणारे प्राणीही परतावे लागतात. म्हणून गेल्या काही वर्षांत तिथे अगूटी हे उंदराच्या कुळातले प्राणी आणि हाउलर माकडं पुन्हा सोडली आहेत.

रिओ मात्र त्या झऱ्यांपेक्षा फार मोठं झालं. आज त्याचं बहुतेक पाणी दूरच्या ग्वांदू नदीवरून येतं. मुंबईचंही तेच झालं. विहार तलाव १८६० साली झाला, म्हणजे तिजूकाच्या आदेशाच्या आदल्या वर्षी. विहार, तुळशी यांच्याभोवतीचं रान राष्ट्रीय उद्यान म्हणून टिकलं, पण शहराची तहान १८९२ साली तानसापर्यंत गेली आणि पुढे भातसापर्यंत.

तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट पाहतात. मुंबईची जलवाहिनी जवळून जाते आणि हंडा रिकामा असतो. तिथल्या डोंगरांवर रान वाढवायचं तर खड्डे खणणार, वणवे विझवणार, गुरं राखणार ती याच पाड्यांवरची माणसं. त्यांना रोजंदारी देऊन भागणार नाही. झरा जिवंत झाला की त्याचं पाणी आधी पाड्याच्या विहिरीत यावं, मग मुंबईला जावं, एवढं तरी लागवडीच्या पहिल्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे.