घरचंच तर आहे

आमच्या बेळगावात उन्हाळा लागला की गच्च्यागच्च्यांवर पापड वाळत पडतात. यंदा गल्लीतल्या एका वहिनींनी उडदाचे पापड विकायला सुरुवात केली. भांडवल म्हणाल तर डाळ, मिरी, हिंग, पापडखार आणि घरातलंच पोळपाट-लाटणं. पहिले शंभर पापड त्यांनी मलाच आणून दिले. मी पर्स उघडली, तर म्हणाल्या, "असू दे की अक्का, तुमच्याकडनं कसले पैसे घ्यायचे!" मीही, खरं सांगते, एकदाच आग्रह केला आणि पर्स मिटली. घरचंच तर आहे!

रात्री मात्र ते मनातून जाईना. न दिलेलं घ्यायचं नाही, हे अचौर्यव्रत आपण लहानपणापासून ऐकतो. पण भिडेपोटी दिलेलं, ते दिलेलं म्हणायचं का? खोटी मापं आणि भेसळ हे या व्रताचे अतिचार. ते दुकानदारासाठी, असं समजून आपण बायका निर्धास्त असतो. गिऱ्हाईकही माप खोटं धरू शकतं, हे कुणी बोलत नाही. डाळीचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो, लाटणारीचे तास आपण धरतच नाही.

'लिज्जत'ची गोष्ट आपण ८० रुपयांसाठी सांगतो. १९५९ च्या मार्चमध्ये मुंबईत गिरगावातल्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा जणी बसल्या, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. मला त्यातलं वेगळंच मोठं वाटतं. ते ८० रुपये उसने होते, आणि तोटा आला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पुढची पद्धतही तशीच. पीठ केंद्रावर मळायचं, बहिणींनी घरी नेऊन लाटायचं, वाळवून आणून द्यायचं आणि वजनावर ठरलेली लाटणावळ घ्यायची. 'तुम्हीच काय ते समजून द्या' म्हणायची पाळी कुणावर येत नाही. या एका वाक्यानं किती जणींचे धंदे पहिल्याच उन्हाळ्यात बसले असतील!

एक मैत्रीण म्हणाली, "मग शेजारधर्म राहिला कुठे? सगळ्यालाच दर लावणार का?" तिचंही खोटं नाही. मी आजारी होते तेव्हा याच वहिनींनी आठ दिवस पेज आणून दिली. तिचे पैसे पुढे केले असते तर त्या पुन्हा माझी पायरी चढल्या नसत्या. पेजही त्यांच्याच हातची, पापडही त्यांच्याच हातचे. पण पेज माझ्यासाठी केली होती. पापड विकायला केले होते, आणि मी वाटेत आले.

सकाळी मी त्यांच्याकडे गेले. "दर काय लावलाय?"

"काय लावू? तुम्हीच सांगा."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. डाळ, मसाला, तेल, पिशव्या लिहून झाल्या. मी वेळ लिहिला, तर त्या हसल्या. "आता वेळेचे कसले पैसे ओ अक्का?" त्यांनी खोडलं. मी परत लिहिलं. शेवटी जो आकडा आला तो बघून मीच दचकले. पर्समध्ये तेवढे नव्हते. घरी जाऊन आणले.